जुन्या इटालियन सिनेमातली विनोदी गाणी-बजावणी: गाणं खरं, माणूस वात्रट

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

कोरसची तालीम चालू आहे. शब्द नाहीत, नुसतं ला-ला-ला. समोर चिडका संचालक, आणि गाणाऱ्यांत दाढीवाला, अंगापिंडाने दार अडवेल असा बड स्पेन्सर. त्याच्या वाट्याला खर्जातलं 'बॉम बॉम' एवढंच आलंय आणि तो ते मान ताठ ठेवून, एक मात्रा न चुकवता लावतोय. वरच्या अंगाला एक भाडोत्री मारेकरी त्याच्यावर नेम धरून बसलाय. मारेकऱ्याचं नाव काय, तर पागानिनी, थेट थोर व्हायोलिनवादकाचं! टेरेन्स हिल मित्राला सावध करायला कोरसमध्ये घुसतो, आणि घुसलाच आहे म्हटल्यावर त्यालाही तोंड उघडून गावं लागतं. संचालकाची नजर चुकवायची, गोळी चुकवायची आणि सूरही चुकवायचा नाही.

चित्रपट 'आल्त्रिमेन्ति चि आर्राब्ब्यामो', १९७४, दिग्दर्शक मार्चेल्लो फोन्दातो. इंग्रजीत 'वॉच आऊट, वी आर मॅड'. लाल डून बग्गीवरून (वाळूत पळवायची छोटी उघडी गाडी) भांडण, बिअर आणि सॉसेज खायची पैज, मग हाणामारी. कथेत जीव तेवढाच. पण तो कोरस मी आजही पूर्ण ऐकतो, चित्र न बघता नुसता आवाज लावूनसुद्धा.

माझं म्हणणं असं की या दृश्यांत संगीताची टर उडवलेली नसते. गाणं नेकीने बांधलेलं असतं, गाणारे नेकीने गात असतात, आणि गडबड शेजारी कुठेतरी चालू असते. म्हणून ती शिळी होत नाहीत. बेसूर गाऊन हसवणं दुसऱ्या खेपेला कंटाळवाणं होतं, हे दहाव्यांदाही चालतं. तुमची आवडती अशी दृश्यं सांगा. फार अलीकडची नकोत, १९८०च्या आसपास थांबू.

---

अळूवडी

वाचनखूण साठवली आहे! तो कोरस आमच्याकडे आजोबांपासून पुतण्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. इटालियन कुणालाच येत नाही आणि अडतही नाही.

माझ्याकडून गायक-नट चेलेन्तानो. 'इल बिझबेतिको दोमातो' (१९८०) मधलं द्राक्षं तुडवणं. माणूसघाणा शेतकरी एलिया, समोर ओर्नेल्ला मूती, आणि हा गडी द्राक्षांवर उभा राहून असा काही नाचतो की बस्स. चेहऱ्यावर हसू नाही हे बघा. पाय एक बोलतात, चेहरा दुसरंच. हा तुकडा रील्समध्ये सारखा फिरत असतो, त्यामुळे चित्रपट न पाहिलेल्यांनीही पाहिला असेल.

---

तिरकीटधा

मी तबल्याचा विद्यार्थी, म्हणून तालाच्या अंगाने बोलतो. नेपल्सचा विनोदी नट तोतो, त्याचं नाव अजून कसं आलं नाही?

'तोतो आ कोलोरी', १९५२, दिग्दर्शक स्तेनो. इटलीतल्या अगदी सुरुवातीच्या रंगीत चित्रपटांपैकी. फेरानियाकलर नावाची देशी फिल्म होती, तिला प्रचंड उजेड लागायचा आणि सेटवर दिव्यांची धग असह्य असायची. तोतो यात अंतोनियो स्कान्नागात्ती. गावठी संगीतकार, स्वतःला महान समजणारा, आपला ऑपेरा मिलानच्या ला स्काला या नामांकित ऑपेरागृहात व्हावा म्हणून झुरणारा. त्याच्यावर गावचा बँड चालवायची पाळी येते.

हे दृश्य आवाज बंद करून बघा. मान कॉलरमधून वर येते आणि परत आत जाते. खांदा एका मात्रेवर, कोपर दुसऱ्या, हनुवटी तिसऱ्या. प्रत्येक सांध्याला वेगळा ताल वाटून दिलाय, आणि तरी सम आली की सगळं शरीर एकत्र येऊन पडतं. हे नुसत्या माकडचेष्टांनी होत नाही, आत लय पक्की लागते. मग आवाज चालू करून बघा. बँडवाले इमानेइतबारे वाजवतायत. त्यांनी दात काढले असते तर दृश्य तिथेच मेलं असतं.

त्याच चित्रपटात शेवटी तो कळसूत्री बाहुली होतो. पिनोकियो. दोऱ्या कापल्यासारखा कोसळतो तेव्हा हाडं कुठे गेली असा प्रश्न पडतो. ही विद्या त्याने तरुणपणी गुस्ताव्हो दे मार्को या नेपल्सच्या नटाचं बघून उचलली होती. आणि चेहरा वाकडा आहे तो मेकअप नव्हे. लहानपणी एका शिक्षकाबरोबर लुटुपुटीचं बॉक्सिंग करताना ठोसा बसला, तेव्हापासूनचं आहे ते.

---

दोन_नंबर_गेट

थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका. तोतोचे चित्रपट सलग बघा, म्हणजे कळेल. शंभराच्या घरात चित्रपट, त्यातले कितीतरी घाईघाईत उरकलेले. पटकथा म्हणजे दोन प्रसंगांमधली ठिगळं. आपण यूट्यूबवर चार-चार मिनिटांचे तुकडे बघतो आणि 'काय तो काळ' म्हणून उसासे टाकतो. अख्खा चित्रपट किती जणांनी शेवटपर्यंत पाहिलाय?

आणि साठच्या दशकातले ते 'म्युझिकारेल्लो'! गाणं आधी हिट, मग त्याच्या नावाचा चित्रपट, गायक सैन्यात भरती, मुलगी रुसते, गाणं, मुलगी हसते, संपलं. जान्नी मोरांदीचा 'इन जिनोक्यो दा ते' (१९६४) मी मन लावून बघायला बसलो होतो. गाणं गोड आहे. बाकी राम राम.

---

पडदानशीन

दोन नंबर, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण त्याचं कारणही रंजक आहे. ते तुकडे मुळात तुकडेच होते.

मुसोलिनीच्या काळापासून इटलीत 'आवान्स्पेत्ताकोलो' नावाचा प्रकार होता. म्हणजे सिनेमा थेटरात चित्रपटाआधी रंगमंचावर होणारा स्वस्तातला कार्यक्रम. चार पोरी नाचायच्या, एक जादूगार, एक गायक, एक विदूषक. लोक तिकीट काढायचे सिनेमाचं, त्यामुळे रंगमंचावरच्या माणसाला दयामाया नाही. आवडलं नाही की आरडाओरडा, शिव्या, हाताला येईल ते फेकायचे. दिग्दर्शक फेलिनीच्या 'रोमा'मध्ये (१९७२) युद्धकाळातल्या अशाच एका थेटरचं लांबलचक दृश्य आहे. त्यात प्रेक्षक मेलेली मांजर फेकतात!

तोतो, आल्दो फाब्रित्सी, अल्बेर्तो सोर्दी ही सगळी नटमंडळी थोडीफार याच भट्टीतून निघालेली. दहा मिनिटांत थेटर जिंकायचं, नाहीतर मांजर. त्यामुळे त्यांचे प्रवेश वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेले असायचे. बँड चालवणं, बाहुली होणं हे तोतो पडद्यावर आणण्याआधी रंगमंचावर करून चुकला होता. सिनेमावाल्यांनी ते जसंच्या तसं उचललं आणि मागेपुढे कथा चिकटवली. ठिगळं वाटतात कारण ती ठिगळंच आहेत. मला ती तशीच आवडतात. आपल्याकडे तमाशात वगाआधीची गण-गवळण कुणी 'कथेशी संबंध काय' म्हणून बघत नाही ना?

या जगावर सोर्दीने स्वतः दिग्दर्शित केलेला 'पोल्वेरे दि स्तेल्ले' (१९७३) जरूर बघा. तो आणि मोनिका वित्ती, फाटक्या फिरत्या कंपनीचे नायक-नायिका, साल १९४३. युद्धाच्या धामधुमीत हे लोक बारी शहरात पोचतात आणि पेत्रुत्सेल्ली नावाच्या भव्य ऑपेरा थेटरात त्यांना अमेरिकन सैनिकांपुढे खेळ करायला मिळतो. जन्मात पहिल्यांदा खरं थेटर, खरा वाद्यवृंद, खऱ्या टाळ्या. आणि एवढ्या सरंजामात गाणं कुठलं, तर केळ्यावरचं अत्यंत चावट गाणं. वित्ती ते गाताना पिसं, चमकी, जिना उतरणं, सगळं मोठ्या नटीसारखं करते आणि पाऊल मात्र हलक्या कंपनीतल्या पोरीचंच पडतं. दिग्दर्शक आन्तोनियोनीच्या गंभीर चित्रपटांत भिंतीला टेकून शून्यात बघणारी ती हीच बाई. हसता हसता एकदम वाईट वाटतं, कारण आपल्याला माहीत असतं की सैनिक परत गेले की यांना कोण विचारणार. (पेत्रुत्सेल्ली पुढे १९९१ला आगीत जळालं, २००९मध्ये पुन्हा उघडलं.)

---

नेकारकाठचा

स्टुटगार्टजवळून लिहितोय. इथे बड स्पेन्सर म्हणजे घरचा माणूस आहे. ऑफिसात वयस्क सहकारी गंभीर चेहऱ्याने मीटिंगला बसलेले असतात आणि कुणीतरी हळूच 'ला-ला-ला' सुरू केलं की दुसऱ्या कोपऱ्यातून 'बॉम बॉम' येतंच. जर्मन डबिंगमध्ये राइनर ब्रांटने संवाद मुळापेक्षा जास्त टवाळ केले होते, त्यामुळे इथल्या लोकांना जर्मन आवृत्तीच खरी वाटते. कोरसला मात्र डबिंगची गरजच पडली नाही.

इथून जवळच श्वेबिश ग्म्युंड नावाचं गाव आहे. तिथे नव्या बोगद्याला नाव सुचवा म्हणून इंटरनेटवर मत मागवलं, तर जनतेने बड स्पेन्सरला निवडून दिलं. नगरपालिकेने बोगद्याला नकार दिला, पण २०११मध्ये गावच्या उघड्या जलतरण तलावाला त्याचं नाव दिलं: 'बाड श्पेन्सर'. जर्मनमध्ये बाड म्हणजे तलाव किंवा स्नानगृह. पोहण्याशी त्याचा खरा संबंध आहे. मूळ नाव कार्लो पेदेर्सोली, जन्म नेपल्स १९२९. १०० मीटर फ्रीस्टाइल एका मिनिटाच्या आत पोहणारा पहिला इटालियन, १९५२ आणि १९५६च्या ऑलिंपिकला गेलेला. तरुणपणी तो ग्म्युंडच्या तलावात शर्यत पोहून गेला होता.

---

मंद्रसप्तक

@नेकारकाठचा, मीटिंगचा किस्सा झकास.

पेदेर्सोलीबद्दल एक भर. सिनेमात नाव होण्याआधी, १९६०च्या सुमाराला, तो आरसीए या रेकॉर्ड कंपनीसाठी गाणी लिहायचा. ओर्नेल्ला वानोनी, निको फिदेन्को या गायकांसाठी लिहिलीत. म्हणजे कोरसमधलं ते 'बॉम बॉम' अडाण्याच्या गळ्यात मारलेलं नाही. तो मात्रा कशी मोजतो बघा. मान हलते, पापणी हलत नाही.

@दोन_नंबर_गेट, मोरांदीबद्दल सहमत. पण त्याच जातकुळीतले लुचो फुल्चीचे 'इ रगात्सी देल ज्यूक-बॉक्स' (१९५९) आणि 'उर्लातोरी आल्ला स्बार्रा' (१९६०) बघा. फुल्ची पुढे रक्तबंबाळ भयपटांसाठी प्रसिद्ध झाला, त्याआधी हे उद्योग करत होता. 'उर्लातोरी'त गायिका मीना आहे, कोवळा चेलेन्तानो आहे, आणि एवढ्या आरडाओरड्यात चेट बेकर! तोच, जॅझवाला. बराच वेळ बिचारा झोपलेलाच असतो.

---

खिडकीपाशी

गुइदो आणि माउरित्सियो दे आंजेलिस हे दोघे भाऊ त्या कोरसमागे आहेत, हे कुणी सांगितलंच नाही. 'ऑलिव्हर ओनियन्स' या नावाने गायचे. त्या चित्रपटातलं 'डून बग्गी' हे गाणं त्यांचंच. आणि आपल्या कबीर बेदीची 'सांदोकान' (१९७६) आठवते का? इटलीत तो रस्त्याने चालू शकत नव्हता इतका लोकप्रिय झाला ज्या मालिकेमुळे ती. तिचं शीर्षकगीतही याच भावांचं.

---

अळूवडी

काय सांगताय! 'सांदोका-आ-न' आणि 'बॉम बॉम' एकाच घरातले? म्हणूनच दोन्ही एकदा डोक्यात बसली की निघत नाहीत.

---

तिरकीटधा

एक तांत्रिक प्रश्न आहे. कोरसच्या दृश्यात किंवा चेलेन्तानोच्या नाचात हालचाल इतकी तंतोतंत तालावर कशी? आपल्याकडेही प्लेबॅक लावूनच गाणी चित्रित होतात, पण इथे साधी चालणारी-बोलणारी माणसंही संगीतावर चालल्यासारखी वाटतात.

---

पडदानशीन

कारण आवाज नंतर भरायचे. त्या काळी इटलीत चित्रीकरणावेळचा आवाज सहसा वापरतच नसत. सगळा चित्रपट स्टुडिओत बसून डब व्हायचा, इटालियन नटसुद्धा इटालियनमध्येच डब व्हायचे, आणि कित्येकदा दुसऱ्याच्या आवाजात. बड स्पेन्सरला नेपल्सचा हेल होता, म्हणून वर्षानुवर्षं त्याचे संवाद ग्लाउको ओनोरातो बोलायचा. टेरेन्स हिल जन्माने व्हेनिसचा मारियो जिरोत्ती, त्याचा आवाज पीनो लोक्की.

आता याचा फायदा बघा. सेटवर शांतता राखायची गरजच नाही. दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून ओरडू शकतो, खुशाल रेकॉर्ड लावू शकतो. फेलिनी तेच करायचा. संगीत वाजतंय, तो मोठमोठ्याने सूचना देतोय, नट कधीकधी संवादाऐवजी नुसते आकडे मोजतायत! त्यामुळे '८½'च्या (१९६३) शेवटी ती सगळी वरात संगीतकार नीनो रोताच्या मार्चवर गोल फिरते तेव्हा माणसं नाचत नसतानाही नाचतात. माझ्या मते विनोदी संगीतदृश्यांत इटालियन मंडळी इतकी पुढे असण्याचं निम्मं श्रेय या सवयीला जातं.

---

दोन_नंबर_गेट

हे निम्मंच पटलं. तोतोला सेटवर रेकॉर्ड लागायची गरज नव्हती. त्याला थेटरातल्या जिवंत वाद्यवृंदाची सवय होती, लय शरीरातच होती. 'मिझेरिया ए नोबिल्ता' (१९५४) बघा, स्पॅगेटीचं दृश्य. उपाशी कुटुंब. अचानक घरात जेवण येतं. कुणी बोलत नाही. सगळे खुर्च्या इंच-इंच टेबलाकडे सरकवतात, डोळे ताटावर. मग एकदम झडप, हातांनीच. तोतो टेबलावर चढून नाचतो आणि नाचता नाचता स्पॅगेटी कोटाच्या खिशांत कोंबतो. मुठी भरभरून. उद्याची सोय!

यात संगीतापेक्षा मोठी गोष्ट भूक आहे. नेपल्सची खरी भूक. मूळ नाटक एदुआर्दो स्कार्पेत्ताचं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं. आणि चित्रपट आला तेव्हा युद्धातली उपासमार भोगलेले लोक समोर बसलेले होते. तंत्राने एवढं होत नाही.

---

पडदानशीन

मी निम्मं म्हटलं, तुम्ही निम्मं मानलं. जमलं की!

---

खिडकीपाशी

तुमचं जमलं असेल तर माझं पुढे सरकवते. 😄

भुकेनंतर अमेरिका आली. 'उन आमेरिकानो आ रोमा' (१९५४), पुन्हा स्तेनो, सोर्दी म्हणजे नान्दो. रोमचा रिकामटेकडा पोरगा, अमेरिकेच्या वेडाने झपाटलेला. इंग्रजीचा गंध नाही, पण नाकातून तसले आवाज काढत बोलतो आणि हलक्या थेटरात टॅप डान्स करायला उभा राहतो. त्याला आपण बावळट दिसतोय हे कळतच नाही, म्हणून राग येत नाही.

पुढे दोन वर्षांत, १९५६ला, रेनातो कारोसोनेने याच जातीच्या पोरावर गाणं केलं: 'तु वुओ फा ल'आमेरिकानो'. व्हिस्की-सोडा पितोस, रॉक अँड रोल नाचतोस, बेसबॉल खेळतोस, पण सिगारेटीचे पैसे आईच्या पर्समधले ना? शब्द निसा या गीतकाराचे, नेपल्सच्या बोलीत. आणि गंमत म्हणजे ज्याची थट्टा करायची त्याच अमेरिकन स्विंगवर बांधलेलं. वाजवलंय इतकं फक्कड की अमेरिकन बँडने मान खाली घालावी. १९६०च्या 'इट स्टार्टेड इन नेपल्स'मध्ये सोफिया लॉरेनने ते गायलंय. तो अमेरिकन चित्रपट आहे, पण लॉरेन अस्सल नेपल्सच्या परिसरातली, आणि क्लार्क गेबल या साक्षात अमेरिकन माणसापुढे ती हे गाणं गाते, हा वेगळाच आहेर.

---

तिरकीटधा

मंद्रसप्तकांची १९८०ची अट थोडी मोडतो. फेलिनीचा 'ए ला नावे वा', १९८३. ऑपेरातल्या थोर गायिकेच्या अस्थी समुद्रात सोडायला १९१४ साली एक जहाज निघालंय, जहाजावर युरोपातले सगळे गायक-वादक. दोन प्रसंग.

एक, स्वयंपाकघर. दोन म्हातारे संगीतज्ञ काचेचे पेले मांडतात, पाणी कमी-जास्त करतात आणि ओल्या बोटांनी शुबर्ट वाजवतात. स्वयंपाकी हातातलं काम टाकून ऐकतायत. आपल्याकडे जलतरंग ऐकलेल्याला तर खासच भिडेल.

दुसरा, बॉयलरची खोली. उंचावरच्या लोखंडी पुलावर नटूनथटून आलेले गायक, खाली कोळशाने काळे झालेले कामगार. कामगार म्हणतात, गा की. यंत्रांची घरघर प्रचंड. एक गातो, त्याच्यावर दुसरी ताण मारते, तिच्यावर तिसरा, आणि बघता बघता नुसती चढाओढ. कठड्यावरून पार वाकून वाकून, नसा फुगवून. हे लोक मोठे कलाकार आहेत यात शंका नाही, आणि तितकेच मत्सरी. आपल्या संगीतसभांत पडद्यामागे बसलेल्यांना हे दृश्य नवीन वाटणार नाही, नावं घेत नाही.

अजून एक धीरगंभीर बास गायक आहे, तो खर्ज लावून कोंबडीला संमोहित करतो. एवढं लिहून थांबतो.

---

मंद्रसप्तक

कोंबडीसाठी अट माफ.

रोताबद्दल राहिलंच की. तो बारीच्या संगीत विद्यालयाचा अनेक वर्षं संचालक होता. फेलिनीबरोबर त्याचं शेवटचं काम 'प्रोव्हा द'ओर्केस्त्रा' (१९७८), टीव्हीसाठी केलेला छोटा चित्रपट. १९७९मध्ये रोता गेला. एका वाद्यवृंदाची तालीम, प्रत्येक वादकाला आपलंच वाद्य श्रेष्ठ वाटतं, युनियनची भांडणं, संचालकाविरुद्ध बंड. पहिल्या अर्ध्या भागात मी पोट धरून हसलो. दुसऱ्यात हसणं आटत जातं. आणि तरी जेव्हा जेव्हा ते वाजवतात तेव्हा वाजवतात मात्र जीव लावून.

---

अळूवडी

प्रश्न: आठ-दहा वर्षांच्या मुलांबरोबर बघायला यातलं काय? पुतण्याला कोरस दाखवून झालाय, आता 'अजून काढ' म्हणतोय.

---

पडदानशीन

'ल'आर्माता ब्रांकालेओने' (१९६६, दिग्दर्शक मोनिचेल्ली) त्याला सुरुवातीची पाच मिनिटं तरी दाखवा. मध्ययुगातला फाटका सरदार, त्याहून फाटकं सैन्य आणि कार्लो रुस्तिकेल्लीचं 'ब्रांका ब्रांका ब्रांका, लेओन लेओन लेओन' हे शौर्यगीत. श्रेयनामावलीतली चित्रंही गमतीची आहेत. पूर्ण चित्रपटात मारामारी आणि थोडा वाह्यातपणा आहे, तो तुम्ही आधी बघून ठरवा.

'पोल्वेरे दि स्तेल्ले' मुलांना नको. केळ्याच्या गाण्याचा अर्थ विचारला तर कुटुंबात कोण सांगणार?

---

खिडकीपाशी

पुतण्यासाठी एक युक्ती: लॉरेल-हार्डी, पण इटालियन डबिंगमधले. हार्डीचा आवाज म्हणजे तरुण अल्बेर्तो सोर्दी! १९३७ला स्पर्धा जिंकून त्याला ते काम मिळालं, पुढे अनेक वर्षं त्याने केलं. दोघे मुद्दाम इंग्रजी वळणाचं मोडकं इटालियन बोलतात. 'द फ्लाइंग ड्यूसेस'मध्ये हार्डी गातो आणि लॉरेल नाचतो ना, त्या जागी इटालियनमध्ये वेगळंच गाणं घातलंय, आकाशात उडणाऱ्या गाढवांचं. सोर्दी ते असल्या मऊ, भरदार आवाजात गातो की हार्डीच्या तोंडी मूळ गाणं होतं हे विसरायला होतं.

---

अळूवडी

उडणारी गाढवं चालतील. रविवारी लावते. आजोबांना मात्र त्याआधी बग्गी आणि सॉसेज पुन्हा हवंय, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.